चापडगावची पावसाळी फेरी: एका स्थानिक पक्षी-मार्गदर्शकाच्या सेवेविषयी

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाणारे बहुतेक नाशिककर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच जातात, रोहित पक्षी आणि हिवाळी बदकांचे थवे पाहून, चाळीस-पन्नास जातींची यादी करून दुपारच्या आत घरी परततात. कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असताना मीसुद्धा विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षे त्याच दिवसांत जात राहिलो. निवृत्तीनंतर यंदा प्रथमच अभयारण्याजवळच्या चापडगावच्या एका तरुण मार्गदर्शकाबरोबर तीन फेऱ्या केल्या: एक जानेवारीत, एक जुलैत आणि एक ऑगस्टच्या अखेरीस. हे परीक्षण त्या तिन्हींवर आधारलेले आहे. त्याची परवानगी घेतलेली नसल्याने त्याचे नाव येथे देत नाही. सकाळच्या चार तासांसाठी आमच्या चौघांचे मिळून आठशे रुपये त्याने घेतले, त्यात स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर बसवायची एकनळी दुर्बीण) आणि दोन दुर्बिणींचा वापर आला. पैशांच्या हिशेबाने ही सेवा स्वस्त की महाग, हे प्रत्येकाने ठरवावे. प्राण्यांच्या जोड्या कशा जमतात, नर-मादी एकमेकांची निवड कशी करतात, हा ज्याच्या कुतूहलाचा विषय आहे, त्याला मात्र पावसाळ्यातली ही सकाळ जिल्ह्यात दुसरीकडे सहजासहजी मिळणार नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

जानेवारीच्या फेरीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, पण ती वाया गेली असेही नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या दगडी बंधाऱ्यामागे गाळ साचून जी उथळ पाणथळ तयार झाली, तिला 1986 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2020 च्या जानेवारीत ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. त्यानंतर हिवाळ्यातली गर्दी बरीच वाढली आहे. आमच्या मार्गदर्शकाने त्या गर्दीतही आम्हाला तलवार बदकांच्या एका थव्यासमोर पाऊण तास बसू दिले, आणि तेथेच मला या माणसाचे वेगळेपण प्रथम जाणवले. ऑक्टोबरात उतरणाऱ्या तलवार बदकांचे कित्येक नर माद्यांसारखेच करडे दिसतात, कारण विणीनंतर त्यांची रंगीत पिसे गळालेली असतात. जानेवारीपर्यंत त्यांचा साज परत येतो, कारण या बदकांच्या जोड्या पुष्कळदा हिवाळी मुक्कामातच जमतात आणि उन्हाळा लागताच नर आपल्या मादीमागोमाग तिच्या प्रदेशाकडे उडून जातो. हे मी वर्गात अनेकदा शिकवले होते. एका करड्या मादीभोवती मान उंचावून, शेपटी वर करून फिरणारे चार नर त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. मादी शांतपणे पोहत होती आणि तिने दिशा बदलली की चौघेही वळत होते.

बदकांच्या बाबतीत जोडी जमली म्हणजे सारे सुरळीत, असे नसते. अनेक जातींत परके नर माद्यांवर बळजबरी करतात. संशोधक पॅट्रिशिया ब्रेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये पाणपक्ष्यांच्या 16 जातींची शरीररचना तपासून दाखवले की ज्या जातींत नराचे जननेंद्रिय लांब आणि गुंतागुंतीचे आहे, त्या जातींत मादीचा जननमार्गही अधिक वळणांचा आणि आंधळ्या कप्प्यांचा असतो. मादीने न निवडलेल्या नराला तिच्या शरीरातच अडसर उभा राहतो, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. मी हे सांगत असताना आमचा मार्गदर्शक लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "सर, बदकं बघायला हिवाळा चांगला, पण निवड बघायची तर पावसात या. इथलीच पाखरं तेव्हा मांडतात संसार." त्या एका वाक्यावर विसंबून आम्ही जुलैत पुन्हा गेलो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे पाचला नाशिकहून निघून चांदोरी-सायखेड्यावरून चापडगाव गाठले. द्राक्षबागा नुसत्या हिरव्या पानांनी भरलेल्या होत्या, मका गुडघ्याच्या वर आला होता, आणि आकाश भरलेले असूनही पाऊस थांबलेला होता. पक्षी-निरीक्षणाच्या मनोऱ्याजवळ आमच्याशिवाय कोणी नव्हते. मार्गदर्शकाने आम्हाला मनोऱ्यावर चढू न देता कडेच्या बांधावर, बाभळीच्या आडोशाला गोणपाट अंथरून बसवले आणि सांगितले की पुढचा दीड तास आपण येथून हलायचे नाही. माझ्या पत्नीला हे आधी पटले नाही, कारण इतक्या लांब येऊन एकाच डबक्याकडे बघत बसायचे, हे कोणालाही चटकन पटण्यासारखे नाही. पण या सेवेचे सारे मोल त्या दीड तासात आहे.

समोर पाणवनस्पतींच्या पसाऱ्यावर कांस्यपंखी कमळपक्षी होते. लांबलचक बोटांमुळे पानांवर वजन विभागले जाते आणि हा पक्षी पाण्यावर चालल्यासारखा दिसतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. आमची नात आठवीत आहे. तिने स्कोपमधून पाहून सहज विचारले, "तो मोठा आहे तो नर ना?" मार्गदर्शक हळूच म्हणाला, "नाही ताई, ती बाई आहे. तिचे तीन नवरे आहेत इथं. डावीकडं तो एक अंड्यांवर बसलाय, पलीकडं दुसरा पिल्लं सांभाळतोय, आणि तिसरा बघा, तो आता तिला हाक मारंल." नात माझ्याकडे पाहू लागली, कारण तिच्या पाठ्यपुस्तकातल्या जगात असे काही नव्हते.

या पक्ष्याचे वागणे का महत्त्वाचे आहे, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. डार्विनने 1871 मध्ये लैंगिक निवडीची मांडणी केली, तेव्हा तिची दोन अंगे सांगितली: मादी मिळवण्यासाठी नरानरांत होणारी झुंज आणि मादीने केलेली नराची निवड. झुंजीचा भाग त्याच्या समकालीनांनी सहज मान्य केला. मादीला आवडनिवड असते आणि त्या आवडीने नराचे रूप पिढ्यानपिढ्या घडत जाते, हे मानायला मात्र पुढची जवळजवळ शंभर वर्षे फार थोडे तयार होते. 1948 मध्ये बेटमन या ब्रिटिश संशोधकाने फळमाश्यांवरील प्रयोगांतून असा निष्कर्ष काढला की जोडीदारांची संख्या वाढली तर नराची संतती वाढते, मादीची तितकी वाढत नाही, म्हणून नर उतावीळ आणि मादी चोखंदळ असते. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत इतका पक्का बसला की पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा करून 2012 मध्ये त्याच्या पद्धतीतला मोठा दोष दाखवला, तरी अजून तो अनेक ठिकाणी जसाच्या तसा शिकवला जातो. मीही शिकवला आहे, आणि त्याची मला आज खंत वाटते.

या गुंत्यातून वाट काढली ती रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने. 1972 मध्ये त्याने मांडले की प्रश्न नर की मादी हा नसून पिल्लांसाठी अधिक कोण झिजतो, हा आहे. जो अधिक झिजतो तो निवड करतो, आणि जो कमी झिजतो तो त्याच्यासाठी आपसांत भांडतो. हा विचार खरा असेल, तर ज्या जातीत पिल्लांचे सारे नराच्या अंगावर पडते, तेथे मादी आकाराने मोठी, भांडखोर आणि अनेक जोडीदार राखणारी असायला हवी. कमळपक्षी हा त्याचा पुरावा आहे. त्याच वर्षी जेनी आणि कॉलिअर यांनी कोस्टारिकातल्या कमळपक्ष्यांचे बहुपतित्व सविस्तर नोंदवले. आपल्याकडे, तामिळनाडूत, स्टुअर्ट बुचर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात याच कांस्यपंखी जातीचा अभ्यास केला. मादी नरापेक्षा वजनाने सुमारे 60 टक्के जास्त, आणि एकेका मादीच्या हद्दीत चारपर्यंत नर, असे त्यांना आढळले. त्यांच्या 1999 च्या निबंधातली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: हे नर मादीला जवळ बोलावण्यासाठी मोठ्याने ओरडतात, आणि एका मादीचे नर जितके जास्त, तितकी ही ओरड वाढते. मादीचा वेळ आणि तिची अंडी मिळवण्यासाठी येथे नरांची स्पर्धा चालते, तीही शिंगांनी किंवा पंखांनी नाही, हाकेने.

मार्गदर्शकाने हा निबंध वाचलेला नाही. त्याने जे सांगितले ते लहानपणापासून म्हशी राखताना पाहून शिकलेले आहे. तरीही "तो आता हाक मारंल" हे त्याचे वाक्य संपून पाच मिनिटे झाली असतील-नसतील, तोच तिसरा नर खरोखर ओरडला, आणि मादी पाण्यावरून तरंगत, अर्धवट उडत त्याच्याकडे गेली. ती पोचताच त्याने मान खाली घातली. पुढचे मिलन काही क्षणांत आटोपले. नातीसमोर असे प्रसंग आले की अनेक मार्गदर्शक एकतर हसून विषय बदलतात किंवा काहीतरी ओशाळवाणे बोलतात. हा तरुण सरळ, साध्या शब्दांत आणि पूर्ण गांभीर्याने बोलला. मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांसाठी ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो.

लांब शेपटीचा कमळपक्षीही त्याच बांधावरून दिसला. हिवाळ्यात साधा, तपकिरी दिसणारा हा पक्षी पावसाळ्यात पांढरे पंख, मानेवर सोनेरी पट्टा आणि कोयत्यासारखी वळलेली लांब काळी शेपटी असा सजतो. यातही मादी मोठी असते, चार अंडी घालून ती दुसऱ्या नराकडे निघून जाते आणि अंडी उबवणे, पिल्ले राखणे हे नराकडे राहते. मादी अशी का निघून जाते, याचे एक उत्तर आम्हाला ऑगस्टमध्ये मिळाले.

ऑगस्टच्या फेरीच्या आधी घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाला होता, गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेले पाणी येथे पोचले होते आणि बंधाऱ्यातून जायकवाडीकडे विसर्ग सुरू होता. जुलैत ज्या पसाऱ्यावर तीन नर पाहिले होते, तो पसाराच जागेवर नव्हता. मार्गदर्शकाने आम्हाला आधी फोनवर तशी कल्पना दिली होती, आणि नको असेल तर येऊ नका, असेही सांगितले होते. आगाऊ घेतलेले पैसे परत करण्याची त्याची तयारी होती. आम्ही तरीही गेलो. वाहत्या पाण्यापासून दूरच्या एका शांत खाचरात त्याने आम्हाला नेले, तेथे एक नर नव्या चार अंड्यांवर बसलेला होता. ही अंडी जुलैतल्या मादीचीच होती की दुसऱ्या एखादीची, हे खात्रीने सांगता येणार नाही, असे त्याने स्वतःहून सांगितले. बहुपतित्वाविषयी संशोधकांत जे एक स्पष्टीकरण बराच काळ चर्चेत आहे, ते असे: ज्या पक्ष्यांची घरटी पुराने किंवा शिकाऱ्यांमुळे वारंवार जातात, त्यांच्यात मादी अंडी उबवण्यात न गुंतता पुन्हा अंडी घालण्यास मोकळी राहिली, तर त्याचा दोघांनाही लाभ होतो, आणि त्या मोकळिकीतूनच पुढे तिला दुसरा, तिसरा नर राखणे शक्य होते. ते पुस्तकात वाचणे वेगळे आणि सायखेड्याच्या पुलाखालून लालसर पाणी जाताना पाहून त्यानंतर तासाभरात नवी अंडी पाहणे वेगळे.

आता तक्रारीकडे वळतो, कारण ती याच पक्ष्याशी जोडलेली आहे. जुलैच्या सकाळी बांधावरून उठल्यावर माझ्या पत्नीला छायाचित्र नीट मिळाले नाही म्हणून मार्गदर्शकाने खिशातून मोबाइल काढला, त्याला एक छोटा स्पीकर जोडला आणि कमळपक्ष्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवले. अंड्यांवर बसलेला नर उठून बावरल्यासारखा फिरू लागला. मी त्याला ताबडतोब थांबवले. जो आवाज या जातीत मादीला बोलावण्यासाठी किंवा परक्याला हद्दीबाहेर ठेवण्यासाठी असतो, तो खोटाच वाजवणे म्हणजे विणीच्या ऐन दिवसांत त्यांच्या बोलण्यात विष कालवणे आहे. शिवाय नर उठला की अंडी उघडी पडतात, आणि त्या पाण्यावर घारी आणि कावळे सतत फिरत असतात. त्याने ऐकून घेतले, पण पर्यटक याच गोष्टीची मागणी करतात आणि ती नाकारली तर पुढच्या वेळी दुसऱ्याला घेतात, असेही त्याने सांगितले. ही अडचण खरी आहे. ऑगस्टमध्ये त्याने स्पीकर आणला नव्हता आणि दुसऱ्या एका गटाने आवाज लावण्याची विनंती केली तेव्हा त्याने माझ्यादेखत नकार दिला. तरीही, ही सेवा घेणाऱ्याने सुरुवातीलाच "आवाज वाजवायचा नाही" असे स्पष्ट सांगावे. पैसे देणारा असे म्हणाला, तर मार्गदर्शकालाही आवाज न वाजवणे सोपे जाते.

फेरीचा दुसरा भाग सुगरणींचा. करंजगावच्या बाजूला एका विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर तीसेक घरटी होती, काही पूर्ण, काही अर्धी. मराठीत सुगरण हा शब्दच स्त्रीलिंगी आहे, आणि स्वयंपाकघरातल्या कौशल्याशी जोडलेला. त्यामुळे घरटे विणणारी मादी असणार असे आपण पिढ्यानपिढ्या गृहीत धरत आलो, आणि घरट्याचे कौतुक करताना आईच्या मायेचे दाखले देत आलो. प्रत्यक्षात ते विणतो नर. उसाच्या, मक्याच्या किंवा गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडून, उडताना ती पट्टी सोलून काढत तो वीस ते साठ सेंटिमीटरचे धागे जमवतो. पूर्ण घरट्याला साधारण 18 दिवस लागतात, पण त्यातले आठेक दिवस घरटे शिरस्त्राणासारखे, अर्धे उघडे असते, आणि निवडीचे सारे नाट्य त्याच टप्प्यावर घडते. पिवळ्या टोपीचे नर आपापल्या अर्ध्या घरट्याला उलटे लटकून पंख फडफडवत एकाच वेळी किलबिलाट करू लागले की समजावे, माद्यांची टोळी आली. मादी आत शिरते, धागे ओढून पाहते, आणि पुष्कळदा निघून जाते. पसंत पडले तर ती आतली बाजू आपल्या पद्धतीने नीट करते, नर लांब नळीसारखे प्रवेशद्वार विणून देतो, आणि ती अंड्यांवर बसली की तो शेजारच्या फांदीवर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे सुरू करतो.

हे सारे प्रथम नीट उलगडले ते महाराष्ट्रातच. 1930 च्या सुमारास सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहत असताना त्यांनी एका वसाहतीवर दिवसेंदिवस नजर ठेवली आणि नर घरटे बांधतो, मादी ते तपासून घेते व एक नर एकामागून एक अनेक माद्या मिळवतो, हे नोंदवले. त्यांच्याजवळ तेव्हा दुर्बीण, वही आणि वेळ एवढेच होते. आमच्या मार्गदर्शकाची पद्धत नकळत तीच आहे. त्याने नातीच्या हातात वही देऊन एकच घरटे निवडायला सांगितले, आणि त्या घरट्यात किती माद्या शिरल्या, किती थांबल्या, याची तासभर नोंद करायला लावली. सात शिरल्या. एकही थांबली नाही. शेजारच्या, थोड्या उंचावरच्या घरट्यात तिसरीच थांबली. नातीला आपण निवडलेल्या घरट्याच्या नराचे फार वाईट वाटले आणि त्याचे घरटे तर अधिक सुबक होते, असा तिचा आग्रह होता. पुढे झालेल्या अभ्यासांत माद्या केवळ विणकामाची सफाई पाहत नाहीत, घरट्याची जागा, उंची, फांदीची मजबुती यांनाही मोठे महत्त्व देतात, असे दिसून आले आहे. एका तासाच्या नोंदीने काही सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितले, पण तिने विचारलेला प्रश्न योग्य होता: मादी घराला निवडते की घरवाल्याला?

याच प्रश्नाला प्रयोगाने भिडणे किती अवघड असते, ते सांगण्यासाठी मी तिला सुगरणीच्याच भाऊबंदांतल्या एका पक्ष्याची गोष्ट तेथेच सांगितली. केनियातल्या गवताळ पठारावर लांब शेपटीचा विधवापक्षी राहतो. नराची शेपटी जवळजवळ अर्धा मीटर असते. माल्टे अँडरसन या स्वीडिश संशोधकाने काही नरांची शेपटी कापून आखूड केली, कापलेला भाग दुसऱ्या काहींच्या शेपटीला चिकटवून ती लांब केली, आणि काहींची कापून पुन्हा तेवढीच जोडली, म्हणजे कापण्या-चिकटवण्याचाच परिणाम तर नाही ना, हेही तपासता येईल. 1982 मध्ये त्याने निकाल प्रसिद्ध केला: लांब शेपटी मिळालेल्या नरांच्या हद्दीत सर्वांत जास्त नवी घरटी झाली. डार्विनच्या मांडणीला शंभरावर वर्षांनी रानातल्या पक्ष्यावर मिळालेला हा स्वच्छ पुरावा होता. मार्गदर्शकाने ही गोष्ट ऐकून विचारले की शेपटी इतकी कामाची असेल, तर ती आणखी लांब का होत नाही. मी त्याला म्हणालो की हा फार मोठा प्रश्न तुम्ही विचारलात, आणि लांब शेपटी घेऊन उडताना, शत्रूपासून पळताना पक्ष्याला जी किंमत मोजावी लागते, तिच्याकडे त्याचे लक्ष वेधले.

ज्ञानाच्या बाबतीत मार्गदर्शकाची एक चूक नोंदवणे आवश्यक आहे. सुगरण पक्षी घरट्यात ओल्या मातीचे गोळे चिकटवतो आणि त्यांत काजवे खोचून रात्री उजेड करतो, असे त्याने नातीला अगदी खात्रीने सांगितले. मातीचे गोळे खरेच असतात. घरटे वाऱ्यात स्थिर राहावे म्हणून ते असावेत, असा एक तर्क आहे. काजव्यांची गोष्ट मात्र ऐकीव आहे आणि तिला निरीक्षणाचा आधार नाही. उलट, ज्या प्रश्नावर खुद्द शास्त्रज्ञांत वाद आहे, तेथे त्याने प्रामाणिकपणे "मला माहीत नाही" म्हटले. परतताना मोर ओरडला तेव्हा नातीने विचारले की लांडोर पिसाऱ्यावरचे डोळे मोजते का. संशोधक मेरियन पेट्री यांना इंग्लंडमधल्या मोरांत 1990 च्या सुमारास डोळ्यांची संख्या आणि मिळालेल्या लांडोरी यांचा संबंध आढळला होता, तर जपानमध्ये ताकाहाशी आणि सहकाऱ्यांना सात वर्षांच्या निरीक्षणानंतर, 2008 मध्ये, तसा संबंध आढळला नाही. ज्या पिसाकडे पाहून डार्विनला अक्षरशः मळमळते, असे त्याने 1860 च्या एप्रिलमध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिले होते, ते पीस अजूनही पूर्ण उलगडलेले नाही.

साधनांबद्दल थोडक्यात. स्कोप चांगला आहे, तिपाई डळमळीत आहे. वारा असला की चित्र थरथरते. दोन दुर्बिणींपैकी एकीच्या दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत आणि ती पाच मिनिटे लावली तरी डोके दुखते, म्हणून स्वतःची दुर्बीण न्यावी. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, ती पुसण्याचे कापड त्याच्याकडे नव्हते. बसण्यासाठी गोणपाट त्याचेच, पण ओले होते. बांधावर चिखल असतो आणि साप असू शकतात, म्हणून घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत. तो स्वतः मात्र साध्या चपलेवर असतो, याचे मला वाईट वाटले. स्वच्छतागृहाची सोय गावात येईपर्यंत नाही, हे वयस्क माणसांनी आणि स्त्रियांनी लक्षात घ्यावे. साडेअकराच्या सुमारास त्याच्या घरी पिठले-भाकरी आणि ठेचा मिळाला. त्याचे पैसे वेगळे दिले आणि त्याबद्दल आम्ही अत्यंत समाधानी आहोत.

ज्यांना एका सकाळी अधिकाधिक जाती टिपायच्या आहेत, त्यांनी ही सेवा पावसाळ्यात घेऊ नये. जुलैत आम्ही जेमतेम बावीस जाती पाहिल्या. ज्यांना थांबून पाहायचे आहे, त्यांनी जूनचा पहिला दमदार पाऊस होऊन गेल्यावर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कधीही जावे, रविवार टाळावा आणि आदल्या संध्याकाळी फोन करून विसर्ग सुरू आहे का, ते विचारून घ्यावे. गटात पाचांहून जास्त माणसे नसावीत, कारण बांधावर बाभळीच्या आडोशाला तेवढीच जागा आहे. पुढच्या जुलैसाठी मी त्याच्याकडून दोन सकाळी आत्ताच राखून ठेवल्या आहेत. त्यातली एक पूर्णपणे सुगरणींच्या विहिरीवर, कारण नातीला या वेळी दहा घरट्यांची नोंद ठेवायची आहे आणि प्रत्येकाची उंची मोजण्यासाठी बांबूवर खुणा करून द्यायचे त्याने तिला कबूल केले आहे.